ताईंची दुसरी चाबी

मंडळी, आज तोंडघशी पडलो, तरी खूश आहे.

धरमपेठेत आमचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘आता खरंच फायनल’ असा पसारा होता. मागच्या महिन्यात ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सीमाताईंनी सगळं ऑफिसातल्या एका मशीनवर सामायिक फोल्डरमध्ये लावलं आणि त्याची आपोआप होणारी दुसरी प्रत लकडगंजच्या शाखेतल्या मशीनवर ठेवली.

मी हसलो होतो. “ताई, एकच गोष्ट दोन जागी काहून?”

“काहून म्हणजे? घराची चाबी एकच ठेवता का भाऊ?”

आज साडेदहाला आमच्या ऑफिसातल्या त्या मशीनचा दिवा बंद दिसला. अकराला एक कुटुंब त्यांच्या घराचा नकाशा पाहायला येणार होतं. मी धावतच गेलो. “ताई, मशीन गेलं!”

“मले माहीत हाय. नऊलाच गेलं. मग तुम्ही आतापर्यंत काम कशावर करून राहिले?”

दीड तास मी त्याच फोल्डरमध्ये काम करत होतो. ते लकडगंजहून उघडत होतं आणि मला पत्ताच नव्हता!

अकराला नकाशा पाहून ते कुटुंब आनंदात गेलं. ताईंचं कौतुक कोणी केलं नाही, कारण काही बिघडलंच नव्हतं. म्हणून इथे करतोय.

येताना घराची दुसरी चाबी करून आणली. तुमची कोणाजवळ आहे?