बाईंचा पिवळा चिनी गुलाब

मुखेडच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाई. सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेतो, आणि आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. दहावीच्या वर्षी आमच्या गावाला जाणारी संध्याकाळची एसटी बंद झाली, तेव्हा बाईंनी मला त्यांच्या पडवीत ठेवून घेतलं. वडील मला शेतात न्यायला आले तर त्यांना म्हणाल्या, "परीक्षा होऊ द्या, मग बोलू." ते बोलणं माझी बी.एस्सी. होईपर्यंत लांबलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

बाईंच्या अंगणात चिनी गुलाब होता. सतरंजी अंथरावी तसा जमिनीलगत पसरलेला. मे महिन्यात विहिरी आटायच्या, कडुलिंबाचा पालासुद्धा मलूल व्हायचा, पण ऊन तापलं की ही फुलं उघडायची. गुलाबी, लाल, पांढरी, आणि एका कोपऱ्यात पिवळी, आत लाल ठिपका असलेली. पिवळ्याची फांदी बाईंनी लग्नानंतर इस्लापूरहून, माहेरच्या अंगणातून आणली होती. वर्गात त्या काड्या हातात घेऊन दाखवायच्या : गुलाबी-लाल फुलांची काडी तांबूस, पिवळ्या-पांढऱ्या फुलांची हिरवी. फूल नसतानाही रंग ओळखता आला पाहिजे, म्हणायच्या.

लातूरला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि शहराबाहेर दोन खोल्या बांधल्या, तेव्हा त्यांनी मला साऱ्या रंगांच्या फांद्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. माझ्या दारात नुसता मुरूम. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. तरी हात धुतलेल्या पाण्यावर तो ताटवा भिंतीपासून फाटकापर्यंत पसरला. पुढं बाईंचे यजमान गेले, मुखेडचं घर विकलं, घेणाऱ्यानं अंगणात सिमेंट ओतलं. बाई नांदेडला मुलीकडं राहायला गेल्या, तिसऱ्या मजल्यावर. इस्लापूरचं अंगण आधीच मोडलेलं. पिवळा आता फक्त माझ्याकडं उरला होता. "तुझ्याकडे आहे ना, मग मला घोर नाही," असं त्यांनी पत्रात लिहिलं. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर नुसती आरडाओरड होते, म्हणून आमचं बोलणं पत्रातूनच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं : रविवारी येते, घर बघते, गॅलरीतल्या कुंडीसाठी पिवळ्याची फांदी नेते. मी आनंदानं आईला बोलावून घेतलं. ताटवा पसरल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती, बुधवारी दिवस मावळल्यावर पोचली. चिनी गुलाब दुपार कलली की मिटतो. अंधारात तिनं फाटक उघडलं, अंगणातून वाट काढत आली आणि पाय धुऊन झोपली.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो आणि उंबऱ्यावरच थांबलो. अंगण रिकामं होतं. भिंतीपासून फाटकापर्यंत मुरूम खरवडून काढलेला, त्यावर सडा टाकलेला आणि मधोमध आई रांगोळी घालत होती. मला वाटलं, मी अजून झोपेत आहे. मी भिंतीला हात लावून बघितला.

"माय," मी म्हणालो, "इथलं सगळं कुठं गेलं?"

"काढलं की. लई माजलं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "शिकल्याल्या माणसाच्या दारात घोळ! बाई येणार हायत अन् त्यांनी काय बघावं, तण?"

"ती घोळ न्हवती गं."

"मला शिकवू नको. जलम गेला खुरपण्यात. माझ्या हातनं येक मूळ मागं ऱ्हात न्हाई."

ते खरंच होतं. एक मूळ मागं राहिलं नव्हतं. घोळीची पालेभाजी आमच्या रानात आपोआप उगवते. तिची पानं चपटी, चिनी गुलाबाची सुईसारखी. पण पहाटेच्या अंधुक उजेडात, एकही फूल उघडलेलं नसताना, मांसल काड्यांचं ते जाळं तिला तणच दिसलं. पाहुण्याआधी अंगण उघडंबोडकं, स्वच्छ हवं, हेच तिला ठाऊक.

"उपटलेलं टाकलंस कुठं?"

"टाकीन कशाला? शेजारच्या शेरड्यांना घातलं."

मी अनवाणीच पळालो. शेजारच्या चाची दारात तांदूळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अरे बेटा, तुझी आई म्हंजे हिरा हाय! टोपलंभर चारा दिला. बकऱ्यांनी तर दम बी घेतला न्हाई." शेळ्या माझ्याकडं बघत रवंथ करत होत्या. मी तिथं काय बोललो, मला आठवत नाही. चाचींच्या हातातलं सूप मात्र खाली टेकलं.

परत येऊन आईला सांगितलं. फुलं कुणाची, पिवळा कुठला, बाई रविवारी काय न्यायला येणार, सगळं. तिच्या चिमटीतली रांगोळी तशीच राहिली.

"म्हंजी मी बाईंच्या माहेरचं..." ती ओल्या सड्यावरच बसली. म्हणाली, "मी येकदा दिस बुडल्यावर त्यांच्या घरी गेल्ते तवा मी खाली बसले. त्यांनी हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं. कुणी बसवतं का असं?" मग उठून पिशवी भरायला लागली. "मी जाते गावाकडं. मला त्यांना तोंड दाखवायचं न्हाई."

मी पिशवी काढून घेतली. आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो आणि अंगणापासून चाचींच्या गोठ्यापर्यंतची वाट शोधत गेलो. टोपल्यातून सांडलेले तुकडे तरी असतील. चाचींनी शेळीच्या तोंडाखालची जागासुद्धा चाचपली. मिळाले ते बहुतेक तांबूस. फाटकाजवळ, कुणाच्या तरी गाडीच्या चाकाखाली अर्धी चेंगरलेली एक काडी हिरवी होती. पण माझ्याकडं पांढराही होता, आणि त्याचीही काडी हिरवीच. आईनं ती तळहातावर घेतली. तिनं तेलाच्या कापलेल्या डब्यात मुरूम भरला, काडी खोचली आणि डब्याजवळ बसून राहिली. जेवली नाही.

त्याच दुपारी मी हे पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं.

"आदरणीय बाई, सा. न.

रविवारी तुम्हाला अंगण मोकळं दिसेल, म्हणून आधीच कळवतो. आईनं तण समजून सगळा ताटवा खुरपला. तुम्ही येणार म्हणूनच खुरपला. उपटलेलं सगळं शेळ्यांनी खाल्लं. मला अजून दाराकडं बघवत नाही.

एक हिरवी काडी सापडली आहे. पिवळ्याची असेल किंवा पांढऱ्याची, मला ओळखता येत नाही. तुम्ही शिकवलेलं इथवरच पुरलं. ती जगेल असं वाटतं, पण पिवळीच आहे असं खोटं सांगून ती तुमच्या हातात देणार नाही.

तरी तुम्ही याच. आई गावाकडं निघाली होती, तिला मी धरून ठेवलंय. ती म्हणते, बाई आल्या की मी खालीच बसणार. माझं ती ऐकत नाही. तुम्हीच तिला हाताला धरून खुर्चीवर बसवा.

तुमचा विद्यार्थी"