विलायती खुनात मेलेला कारभारी

आमच्या तिसगावच्या बाजारात शलमोन मास्तर विलायतेतले खून दाखवायचे. हसू नका, खरंच! व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातले खरेखुरे खून, इंग्रजी पुस्तकात वाचलेले आणि मांजरपाटावर रंगवलेले. एकेका चित्रावर छडी टेकवत कीर्तनाच्या चालीत गायचे. मास्तर नगरच्या पुढं कधी गेलेच नव्हते, त्यामुळे लंडनचा फौजदार पटका बांधून आणि खुनी बाई नथ घालून. पण गोष्टीत काडीचा बदल करायचे नाहीत. असा हट्टी माणूस!

महायुद्धाच्या दिवसांत आमच्या गावातला कारभारी नावाचा गडी खोकल्यानं खंगला होता, त्यात कावळा त्याच्या डोक्यावर बसला, म्हणजे मरणाचाच अपशकुन. अशा वेळी माणूस गेल्याचा खोटा निरोप नातेवाइकांना धाडायचा. ते रडले की मरण टळतं, ही आमच्याकडची रीत. पण त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, असे निरोप आधीही धाडलेले. तिचे भाऊ म्हणाले, "परत मेला व्हय?" आणि खुशाल जेवायला बसले.

रतनबाई मास्तरांकडं धावली. "मास्तर, तुमच्या खुनात आमच्या ह्यांना मारा. सगळा बाजार रडंल."

मास्तर ख्रिस्ती, कावळ्याला मानणारे नव्हेत. पण तिचं तोंड बघून कबूल झाले. "पण बाई, खऱ्या खुनात मेली ती म्हातारी आहे. तिचा मी पुरुष करणार नाही."

"म्हातारी तर म्हातारी! जीव वाचू द्या."

पुढच्या बाजारी चित्र उलगडलं. घोळदार झगा, डोक्याला टोपडं, झुपकेदार मिशा, असा कारभारी खुर्चीत मरून पडलेला, पायाशी विषाचा कप. मास्तरांनी गळा काढला, "गेली रे, म्हातारी गेली!" आणि बाजार हसून फुटला. मिरचीवाला सूर्यभान हसत हसत मिरच्यांवरच लोळला.

"गप्प बसा! माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे!" मास्तर ओरडले, तर लोक अजूनच हसले.

रतनबाई पदर खोचून भांडायला निघाली. पण चित्राजवळ गेली, नवऱ्याचे मिटलेले डोळे बघितले, आणि हे सगळं आपणच ठरवलंय हे विसरून तिनं हंबरडा फोडला. लई वाईट रडली हो. हसणारा सूर्यभान मिरच्यांवरून उठून उभा राहिला.

बाजारात बैलगाडीत निजवून आणलेला कारभारी धडपडत खाली उतरला. "अगं, हाय की मी! हाय!"

तिनं त्याचा सदरा मुठीत धरला तो सोडेचना. "मरा बघू परत, मग दाखवते!"

मास्तरांनी चित्र गुंडाळून ठेवलं. कारभारी जगला, पण ते चित्र रतनबाईनं पुन्हा कधी उघडू दिलं नाही.