गाळायची नाही

वसईत असताना मी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे 'गढूळ'. आमच्या विहिरींचं गोडं पाणी टँकर उपसून न्यायचे आणि आमच्या बादलीत तळाची माती यायची. त्याविरुद्धच्या मोर्चांची पत्रकं मी लिहायचो. गढूळ पाणी, गढूळ राजकारण, गढूळ नियत. वाक्यात दम कमी पडला की गढूळ घालायचं. पुढे पोटासाठी मस्कतला आलो, एका हॉटेलात वेटर झालो, वाइन वाढायला शिकलो, आणि एका गढूळ बाटलीसाठी साहेबांशी भांडलो. यात कुणाला विसंगती दिसत असेल तर दिसो.

बाटली फ्रान्सची, ल्वार नदीकाठच्या आंजू नावाच्या भागातली. तिथली जमीन काळी, आपल्या शाळेच्या पाटीच्या दगडाची. घरांची छपरंही त्याच दगडाची. नाशिकवाले ज्याला चेनिन म्हणतात तेच पांढरं द्राक्ष तिथे थंडीच्या तोंडावर, धुक्यात, सावकाश पिकतं. मळा एकदम खुडत नाहीत. पिकेल तसा घड वेचतात. वाइन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने हे सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिथल्या कितीतरी जणांनी तणनाशक मारून मारून जमिनीचं सिमेंट केलं आणि स्वस्त गोडसर माल विकत बसले. ज्या थोड्यांनी ते थांबवून पुन्हा नांगर धरला, त्यांच्यातल्या एकाची ही वाइन. बाहेरचं यीस्ट नाही. सालीवर असतं त्यानेच रस आंबायचा. जुनी लाकडी पिंपं. टिकण्यासाठी घालतात ते गंधक नावापुरतं. आणि गाळणं अजिबात नाही.

न भेटताच हा शेतकरी मला आमच्या मोर्चातला वाटला.

आमचे साहेब पुण्याचे. तीन खोकी मागवा म्हणून मी त्यांच्या मागे लागलो.

"वसईकर, खपली नाही तर?"

"खपवीन, सर."

"नाही खपली तर वाइनच्या टेबलांवरून तुला काढणार. परत पाण्याचे ग्लास भरायचे. चालेल?"

चालेल म्हणालो. खरं तर अजिबात चालणार नव्हतं. त्या टेबलांसाठी मी दोन वर्षं घासली होती. मे महिना होता; गंधक कमी असलेली वाइन उन्हात मरते म्हणून गोदामापासून हॉटेलपर्यंत मी स्वतः गाडीत बसून आलो. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत राहिला आणि मी एसी वाढव म्हणत राहिलो.

मग टेबलांवर ठेवायचं कार्ड लिहिलं. इंग्रजीत. हात पत्रकाचा, डोकं मराठीत. गढूळला जो पहिला शब्द सुचला तो ठेवून दिला. मडी वाइन, अभिमानाने मडी.

बारवर आमच्याच वसईचे एक अंकल होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी कार्ड मोठ्याने वाचलं आणि काउंटरला टेकून हसत सुटले.

"मडी? अरे पुढारी, म ला काना दे. माडी होईल! गावचा माल म्हणून खपेल तरी."

"माडी पण पांढरी गढूळच असते ना? ती पिताना कोणी तोंड वाकडं करतं?"

"माडी पिणारा कार्ड वाचत नाही, बाबा."

कार्ड वाचणाऱ्यांनी बाटलीला हात लावला नाही. अल् खुवैर भागातल्या ऑफिसांतून जेवायला येणाऱ्या एका गृहस्थाने तर नळाचं पाणी मिसळलंय का असं विचारलं. शेवटी साहेब म्हणाले, "खलास. उद्यापासून ही किचनला. मासे शिजवू देत."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलो तर अंकलनी एक बाटली कॉफीच्या कागदी गाळणीतून जगमध्ये उतरवलेली.

"बघ कशी काचेसारखी झाली. सगळ्या अशाच करू."

"अंकल, हे काय केलंत?"

"तुझी टेबलं वाचवली. आधी थँक्यू म्हण."

मी म्हटलं नाही. जगमधली वाइन चाखली. आंबट पाणी. तेव्हा डोक्यात जे पेटलं ते पत्रक लिहिताना कधी पेटलं नव्हतं. आमच्या बादलीतलं पाणी गढूळ होतं, कारण कुणीतरी विहीर ओरबाडून नेली होती. ही वाइन गढूळ होती, कारण तिच्यातून कुणी काहीच काढून घेतलं नव्हतं. या दोन गोष्टींना मी एकच शब्द लावला आणि वर गिऱ्हाइकांवर चिडलो.

दोन ग्लास घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. एकात गाळलेली, एकात तशीच.

"ही बरी दिसते," साहेबांनी गाळलेली उचलली. प्यायले. "चव कुठाय?"

"गाळणीत, सर. कागद बाहेर कचऱ्यात पडलाय."

दुसरा ग्लास त्यांनी नाकाशी धरला, मग जरा जास्तच वेळ तोंडात घोळवला. "पेरू?... मध आहे थोडा. आणि शेवटी हे खडूसारखं काय लागतंय?"

"तिथली जमीन, सर." आता माहीत आहे की जमीन काही अशी सरळ ग्लासात उतरत नाही. पण तेव्हा मला दुसरं उत्तर नव्हतं, आणि लागतही नव्हतं.

"आठवडाभर बघू. ते मडी कार्ड आधी फेक."

"फेकतो. पण गाळायची नाही. आणि लपवायचीही नाही. ओतायच्या आधी प्रत्येक टेबलाला मी सांगणार."

"मोर्चा आहे का हा?"

"हो, सर."

सांगितलं. प्रत्येक टेबलाला. ही धूसर दिसते, कारण हिच्यात द्राक्षाचं अजून काहीतरी शिल्लक आहे. आधी घोटभर घ्या, नाही आवडली तर दुसरी आणतो. पुष्कळांनी दुसरीच मागितली. एका बाईंनी तर ग्लास दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. मी हसून उचलला आणि पुढच्या टेबलाला तेच वाक्य तितक्याच मोठ्याने म्हटलं. तेल कंपनीतले दोघे इंजिनियर रोज यायला लागले. येताना कधी तिसरा, कधी चौथा. किचनने मासे दुसऱ्या कशात तरी शिजवले.

तिसरं खोकं फोडलं त्या दिवशी साहेब जाता जाता थांबले.

"परत मागवायची?"

"पाच खोकी."

"तीन."

"पाच, सर."