पातूरवालीचा चौकोन

माझ्या लेकीने स्कॉटलंडमध्ये नोकरी धरली, तिथलाच नवरा धरला, आणि या दोन्ही गोष्टी आम्ही अमरावतीत बसून हसतमुखाने गिळल्या. जावई चांगला आहे. ठेचा खातो, मग रडतो, पण खातो. अडचण आली ती त्याच्या आईची. लग्न ठरल्यावर विहीणबाईंनी ना देण्याघेण्याचं विचारलं, ना मानपानाचं. त्यांनी एक तक्ता पाठवला आणि विनंती केली की तुमच्या घराण्यातली माणसं यातल्या रिकाम्या चौकोनांत भरून द्या.

तक्त्याची डावी बाजू त्यांची. ती गच्च भरलेली होती. त्यांच्याकडे जुन्या काळी एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा मिळून एक पॅरिश असे आणि तिथे बारसं, लग्न, मरण सगळं टिपलेलं असे. विहीणबाई निवृत्त झाल्यापासून असे पॅरिश पालथे घालत होत्या. आपल्याकडे निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, त्या पूर्वजांच्या मागे लागल्या होत्या. मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. त्यांच्या प्रत्येक आजी-पणजीच्या चौकोनात तिचं स्वतःचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं. लग्नानंतरही तेच, थडग्याच्या दगडावरही तेच.

उजवी बाजू आमची. ती मी रिवाजाप्रमाणे भासऱ्यांकडे सोपवली. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. अकोटला असतात, शेती बघतात आणि उरलेल्या वेळात घराण्याचा अभिमान बघतात. उरलेला वेळ बराच असतो. त्यांनी एका बैठकीत पार मूळ पुरुषापर्यंत नावं लिहून काढली. हा मूळ पुरुष घोड्यावरून आला होता. आमच्या भागातल्या सगळ्याच घराण्यांचे मूळ पुरुष घोड्यावरून आलेले आहेत, पायी आलेला अजून एकही सापडला नाही.

पुरुषांचे चौकोन असे दणक्यात भरले. बायकांच्या चौकोनांत भासऱ्यांनी लिहिलं: तेल्हारेवाली, मूर्तिजापूरवाली, बाळापूरवाली. आणि स्वतःच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या चौकोनात: पातूरवाली. आमच्याकडे सून ज्या गावची, त्या गावाची वाली. तिला नाव असतं, नाही असं नाही, पण ते कोणी वापरत नाही.

लेकीने ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवून धाडलं. आठवड्याने विहीणबाईंचा मला व्हिडिओ कॉल. चेहरा फुललेला. त्यांच्याकडे म्हणे मोठ्या जमीनदारांनाच त्यांच्या गावाच्या नावाने ओळखतात. तुमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका गावांच्या मालकिणी होत्या हे वाचून त्यांना फार आदर वाटला होता. मी डोळ्यांसमोर आमच्या मालकिणी आणल्या. कापूस वेचून बोटं फाटलेल्या, रात्री त्याच बोटांनी भाकरी थापणाऱ्या. म्हटलं, अहो तसं नाही. मग समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण जन्माला आल्या तेव्हा त्यांना नावं ठेवली असतील ना?"

ठेवली होती. पण लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरतो, अंगठीने त्यात नवं नाव काढतो, पेढे वाटतात, फोटो निघतो, आणि मग त्या तांदळाची खिचडी होते. माझंही असंच झालं. तक्त्यात मी माझ्या चौकोनात हट्टाने जन्माचं नाव लिहिलं. नवऱ्याने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "ही कोण?"

त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. आणि ठरवलं, बाकीच्या मालकिणी गेल्या त्या गेल्या, निदान सासूबाईंचा चौकोन त्यांच्या खऱ्या नावाने भरायचा. त्या अजून आहेत, अकोटला भासऱ्यांकडे. नव्वदीच्या आसपास आहेत, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या गेल्या की त्यांच्या माहेरचं नाव सांगणारं जगात कोणी उरणार नव्हतं. पातूरचे भाऊ केव्हाच गेले, भाचे त्यांना नुसतं आत्या म्हणतात. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "आई." भासऱ्यांना फोन लावला, तर म्हणाले, "अवं, पातूरवाली लिवलं ना म्या? आनखी काय पायजे?"

थंडीत लेक, जावई आणि विहीणबाई आल्या. अमरावतीत स्वागत समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी सेमाडोहला वाघ बघायला निघाली. विहीणबाई म्हणाल्या, मला वाघ नको, मला पातूरवाली बघायची आहे. तेव्हा मी आणि त्या दर्यापूरवरून अकोटला गेलो.

भासऱ्यांनी दारात फ्लेक्स लावला होता. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे लावतात, तसाच वंशावळीचा. वरच्या कोपऱ्यात घोड्यावरचा मूळ पुरुष, कोणत्या तरी भलत्याच सरदाराच्या चित्रावरून काढलेला. खाली घराण्याचे सगळे पुरुष, आणि सगळ्यात खाली भासरे स्वतः, गॉगल लावून. विहीणबाईंनी फ्लेक्सचा फोटो काढला. भासरे शेजारी उभे राहिले. मग त्यांनी वंशाची थोरवी सांगायला घेतली. मी भाषांतर करत होते आणि जमेल तिथे गाळतही होते.

थोरवी संपल्यावर विहीणबाईंनी आपली थोरवी सांगितली. त्यांच्या एका खापरपणजीला लग्नाआधी मूल झालं. तेव्हा पॅरिशच्या चर्चने तिला रविवारी सगळ्या गावासमोर उंच स्टुलावर बसवून पश्चात्ताप करायला लावला. ते सगळं लिहिलेलं आहे, म्हणून तर ती सापडली. विहीणबाई हे अशा कौतुकाने सांगत होत्या की जणू खापरपणजी बोर्डात पहिली आली होती. भासऱ्यांना चहाचा ठसका लागला. "हे भाषांतर बराबर हाये ना?" त्यांनी मला विचारलं. म्हटलं, बरोबर आहे. मग त्यांनी सुनांना आत जायला सांगितलं.

विहीणबाई उठल्या आणि सासूबाईंच्या खाटेजवळ जाऊन बसल्या. त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं. मी मराठीत सांगितलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं, असं विचारताहेत."

"माहेरचं आडनाव?"

"नाही. नाव. लग्नाआधी काय म्हणायचे?"

"काय करतं व बाई आता त्याचं?"

"तक्त्यात लिहायचं आहे."

"हाये ना आईचं नाव राशन कार्डावर," भासरे मधे पडले. "तेच लिवा. कायले म्हातारीले तरास देऊन राह्यले?"

सासूबाईंनी हाताला धरून उठवा अशी खूण केली आणि देवघराकडे गेल्या. तिथून एक चांदीचा बारकासा टाक घेऊन आल्या. घासून घासून त्यावरच्या बाईचे नाक-डोळे पुसले गेले होते. तो त्यांनी विहीणबाईंच्या हातावर ठेवला.

"राशन कार्डावरचं नाव हिचं हाये," त्या मला म्हणाल्या. "हे तुह्या सासऱ्याची पह्यली बायको. वर्सभरातच गेली बिचारी, बाळंतपनात. मंग मले आनली, अन् हिचा टाक देवात बसवला. मी तिचं नाव निस्तं वापरून राह्यली."

भासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "माय, हे तं आपली कुळदेवी हाये ना? मी दर दसऱ्याले हिले अभिषेक करतो!"

"करत जाय. तिचं दुसरं कोन हाये?"

घोड्यापर्यंतचा इतिहास तोंडपाठ असलेल्या माणसाला बापाची पहिली बायको ठाऊक नव्हती. एरवी मला याचा फार आनंद झाला असता. त्या वेळी झाला नाही.

मी विचारलं, "पण आई, तिचंच नाव तुम्हाला कशाला दिलं?"

"भांड्यायपायी," सासूबाई म्हणाल्या. "तिच्यासंगं आंदनाचे भांडे आल्ते. पान्याचे गुंड, पराती, पितळी डब्बे. सगळ्यायवर तिचं नाव कोरेल. माही सासू म्हने, एवढे भांडे खोडाचे कायले? नवरीचंच नाव बदला."

हिशोब चोख होता. भांडं खोडायचं तर कासाराकडे न्यावं लागतं, बाई घरातल्या घरात खोडता येते. मला संताप आला, इतका की इंग्रजी सुचेना. भांडी अजून माळ्यावर आहेत. माझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी ती माझ्याकडून चिंचेने घासून घेतली होती आणि मी त्यावरचं नाव वाचून म्हटलं होतं, वा, आईंचं माहेर भलतंच सढळ दिसतं.

मी कसंबसं सगळं सांगितलं. विहीणबाईंनी टाक कपाळाला लावला, हे त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे, आणि परत तोच प्रश्न केला. हे हिचं. मग तुमचं?

सासूबाईंनी भासऱ्यांकडे पाहिलं. ते उठून फ्लेक्सकडे गेले. मग सासूबाईंनी सांगितलं, अगदी हळू, आपलं बरोबर आहे ना असं मलाच विचारल्यासारखं. ते नाव मी इथे लिहीत नाही. सासूचं नाव घ्यायची आम्हाला सवय नाही, आणि ते माझ्याआधी त्यांना कोणीतरी परत द्यायला हवं होतं. एवढंच सांगते की छान नाव होतं. आजकालच्या पोरींना ठेवतात तसं.

विहीणबाईंनी तिथेच लॅपटॉप उघडला. सासऱ्यांच्या शेजारी दोन चौकोन केले. "दोन कायले?" भासरे कुरकुरले. "लोक काय म्हनतीन?" पण आवाजात जोर नव्हता. जरा वेळाने तेच मार्कर घेऊन आले आणि फ्लेक्सवर आपल्या गॉगलच्या वर, मोकळ्या जागेत, दोन नावं लिहायला लागले. दुसरं नाव लिहिताना त्यांचा हात थांबला. एवढा मोठा माणूस, पण आईचं नाव पहिल्यांदाच लिहीत होता. मला त्यांची कीव आली, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

विहीणबाई दिवसभर ते नाव घोकत होत्या. पाटवडी खाताना, गोठा बघताना, ओठ हलतच होते. ळ त्यांना काही केल्या येईना, पण सोडलं नाही. मला मात्र मनातून बरं वाटत होतं. म्हटलं, चला, एक चौकोन तरी भरला. माझ्या खटपटीला यश आलं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. घरातले सगळे दारापर्यंत आले. सासूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. तेवढ्यात गाडीजवळून विहीणबाईंनी हात वर केला आणि त्यांना त्या नावाने हाक मारली. मोठ्याने, अगदी स्पष्ट. ळ सुद्धा आला.

सासूबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. विहीणबाईंनी पुन्हा हाक मारली. भासरे आईकडे बघत होते, मी बघत होते.

सासूबाईंनी मला हलकेच पुढे ढकललं.

"जाय न व," त्या म्हणाल्या. "तुले बलावून राह्यली ते."