स्टोइमेनच्या नावाचे गहू

पिरिन डोंगराखालच्या त्या गावात त्रेंडाफिलाआजींनी स्वतःला मॅसेडोनियन म्हणवून घ्यायला कुणाची ना नव्हती. फक्त ते दाराच्या आत म्हणायचं. बाहेर कायदा उभा होता. बल्गेरियात असे लोकच नाहीत, आणि जे नाहीत त्यांनी पक्ष काढू नये, असं त्याचं म्हणणं. नसलेल्या माणसांवर पाळत ठेवायला पोलिसांच्या दोन गाड्या मात्र होत्या.

आजींची बोटं चाळीस वर्षं तंबाखूची पानं ओवून काळी पडलेली. नवरा स्टोइमेन पक्षाच्या नोंदणीसाठी हेलपाटे घालता घालता बारा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून एकच ध्यास आजींच्या वाट्याला आला: कायद्याला लागणाऱ्या पाचशे संस्थापकांना एका सभेत जमवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. माणसं होती, जागा नव्हती. सभागृह मागितलं की त्याच्या छपराची दुरुस्ती निघायची. चार वेळा निघाली. इतकं लाडावलेलं छप्पर मी उभ्या आयुष्यात कुठल्या नाट्यगृहाला पाहिलं नाही! सभेची पत्रकं लावावीत, तर सकाळपर्यंत फाडलेली.

मयताचा कागद मात्र तिथे कुणी फाडत नाही. काळी चौकट, फोटो, खाली तारीख. दारावर, खांबावर तो पावसाने गळेपर्यंत राहतो. आजींनी स्टोइमेनच्या बाराव्या पुण्यतिथीचे कागद तीन खोऱ्यांत डकवले. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

दफनभूमीत सहाशे माणसं जमली. पोलीस बोयान धावत आला.

"आजी, हे काय चाललंय?"

"पुण्यतिथी."

"पुण्यतिथीला एवढी गर्दी?"

"माणूस लोकांना हवासा होता. तुझ्या वेळी किती येतील ते आत्ताच मोजून ठेव."

"आणि कबरीवर वही ठेवून या सह्या कसल्या?"

"कोण आलं, कोण गेलं, लिहून नको ठेवायला? घे, गहू घे."

साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू. मेलेल्याच्या नावाचे गहू, चाळिसाव्या दिवसाचे असोत की पुण्यतिथीचे, नाकारायची छाती त्या देशात कुणाची नाही. बोयानने चमचा तोंडात घातला आणि रीतीप्रमाणे पुटपुटला, "देव त्याला क्षमा करो."

"त्याला करेल रे. तू तुझं बघ."

पण शूर बोयानला रात्रभर झोप नाही: बेकायदा सभेत आपण खाल्लं कसं? सकाळी त्याने अहवाल दिला की सभा झालीच नाही, पुण्यतिथी होती, मी स्वतः गहू खाल्ले. कोर्टाने तेच उचललं. संस्थापकांची सभा झालेली नाही, सबब आजींचा पक्षनोंदणीचा अर्ज फेटाळला.

"आजी, तुमच्याच गव्हांनी घात केला," शेजारचा लेफ्तेर म्हणाला.

"गव्हांना नावं ठेवू नकोस. खाणारा भित्रा निघाला."

आजी तशाच छापखान्यात गेल्या. नवा कागद: काळी चौकट, फोटोची जागा कोरी, खाली पक्षाचं नाव. 'जन्माआधीच गेला. चाळिसाव्या दिवशी गव्हाला यावे.' तो त्यांनी कोर्टाच्या दारावर स्वतःच्या हाताने डकवला.

पहारेकरी खरवडणी घेऊन धावला. काळी चौकट पाहून थबकला, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली.

"काढ तो!" वरच्या खिडकीतून साहेब ओरडले.

"मयताचा आहे, साहेब. तुम्हीच या आणि काढा."

खिडकी बंद झाली. आजींनी घरी जाऊन गव्हाचं पोतं सोडलं. या वेळी भांडं मोठं लागणार होतं.