शेवाळाचं पान होईना

द्वारकाबाईंची अर्धी हयात जंतू मारण्यात गेली. लग्न होऊन लातूरकडून पुण्यात आल्या आणि एका इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात लागल्या. कात्र्या, चिमटे, कपडे सगळं वाफेवर निर्जंतुक करायचं, हेच काम. इस्पितळ बंद पडलं, तेव्हा ओळखीतून सुनीती मॅडमच्या प्रयोगशाळेत आल्या. मॅडम तिथे कोकणातून आणलेलं हिरवं समुद्रशेवाळ खाऱ्या पाण्यात वाढवत.

"द्वारकाताई, या वेळी शेवाळाची जंतुमुक्त केलेली बीजं अगदी निर्जंतुक पाण्यात वाढवायची आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकही जंतू नको."

हे तर हातचं काम. बाईंनी बरण्या, पाणी, झाकणं, काही म्हणता काही सोडलं नाही.

पण शेवाळाचं पान होईना. शेजारच्या साध्या बरणीत पालकासारखी लुसलुशीत पानं डोलत होती, आणि बाईंच्या स्वच्छ बरण्यांत नुसता हिरवा गाळ. ना आकार, ना बूड. आपलंच काही राहिलं असणार, म्हणून त्यांनी पुढच्या खेपेला बरण्या दुप्पट वेळ वाफवल्या. पुन्हा गाळच. घरी जेवताना उत्तरेश्वरांनी, त्यांच्या यजमानांनी, दोनदा भाजी मागितली, तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

शेवटी त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. "मॅडम, माझं कुठं चुकलं?"

"कुठेच नाही. तुम्ही फार नीट केलंत, म्हणून तर हे दिसलं." मॅडमनी बरणी उजेडाकडे धरली. "शेवाळाच्या अंगावर जिवाणू राहतात. त्यांच्यातून जे पाझरतं, त्यावर याच्या पेशी पान धरतात, बूड रोवतात. ते नसले की याला पान व्हायचंच कळत नाही."

मग एका नळीतलं गढूळ पाणी त्यांनी बाईंच्या हाती दिलं. त्यात शेवाळावरचेच दोन जातींचे जिवाणू होते. "घाला यात."

बाईंचा हात बरणीवर थबकला. जंतू, आणि आपल्या हातानं? डोळे बारीक करून त्यांनी थेंब सोडले.

काही दिवसांनी तळाशी इवलंसं पान उभं राहिलं, काचेला घट्ट धरून. मॅडम खूश झाल्या. बाईंना मात्र आनंद मानावा की काय, ते समजेना.

"मग इस्पितळात मी इतकी वर्षं मारले, ते?"

"ते मारायलाच हवे होते."

"आणि कुठले मारायचे, कुठले राखायचे, हे ओळखायचं कसं?"

मॅडमनी बरणी फळीवर ठेवली. "आम्हीही तेच शोधतोय."

शिकलेली माणसंही अजून शोधतायत म्हटल्यावर बाई अधिकच गोंधळल्या. आता कुठलीही बरणी घासायला घेतली की त्या आधी विचारतात, "मॅडम, ही पुरती स्वच्छ करू, की बेतानं?" आणि मॅडमनाही क्षणभर विचार करावा लागतो.