कळ दाबण्याआधी

“आधी सांगा, काहून दाबाचं?”

फोनवर काकांचं पहिलं वाक्य हेच असे. खुशाली वगैरे सगळं त्यानंतर.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी कारण समजल्याशिवाय दाराची कडीसुद्धा काढत नाहीत. काका त्यातले. लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. अड्याळजवळच्या एका गावात धान खरेदी करणारी संस्था होती, तिच्या समोरच त्यांचं घर, आणि कचेरीची एक चावी त्यांच्याकडे. त्या संस्थेचा सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी बसायचो भंडाऱ्यात.

सर्व्हर जुना. गावची लाइन गेली की बंद पडे. लाइन आल्यावर मी त्याला दुरून चालू करू शकत असे, पण डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची बॅटरी मेली होती. त्यामुळे सुरू होता होता ते कार्ड अडून बसे: बॅटरी खराब आहे, पुढे जायला कोणतीही कळ दाबा. ही कळ काही दुरून दाबता येत नसे. तिथे माणसाचं बोटच लागे.

पहिल्या दिवशी मी काकांना म्हणालो, “कोणतीही कळ दाबा.”

“कोणतीही? आम्ही खांबावर चढून ‘कोणतीही तार पकड’ म्हटलं असतं तं?”

“काका, खरंच कोणतीही चालते.”

“मंग तुम्हीच एक सांगा. जबाबदारी तुमची.”

मी खालची लांब कळ सांगितली. पुढच्या वेळी घाईत एंटर म्हणून गेलो, तर पलीकडून प्रश्न आला, “मांगच्या बारीले लांबवाली सांगतली होती. आज काहून बदलली?” एंटरचा नाद मी त्याच दिवशी सोडला.

कळ दाबली की ते तिथेच उभे राहून हाल सांगत. “दाबली... पंखा ओरडून राहिला... आता शांत झाला. हं, सांगा, घरी सगळे बरे?” एका कळीला माझी वीस मिनिटं जात.

एकदा कामासाठी गेलो, तेव्हा कचेरीत चहा पिताना मी चेष्टेनं विचारलं, “काका, तुम्हाला बटणाची एवढी भीती?” ते हसले नाहीत. “आमचा जोडीदार खांबावर होता. खाली एकानं न विचारता लाइन चालू केली. जीव वाचला त्याचा, पन हात गेला.” मग बशीत चहा ओतत म्हणाले, “तेव्हापासून मी विचारतो. लोक हासतात, हासू द्या.”

तरी मी काही शहाणा झालो नाही. त्या वीस मिनिटांना कंटाळून मी कार्डाच्या सेटिंगमध्ये शोधत राहिलो, आणि एक पर्याय सापडला: चूक दिसली तरी थांबू नको, आपोआप पुढे जा. रविवारी जाऊन ते करून टाकायचं, असं ठरवलं.

त्याआधीच्या गुरुवारी सकाळी लाइन गेली आणि आली. खरेदीचे दिवस, बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे. मी फोन लावला. “काका, दाबा लवकर, लोक खोळंबलेत.”

“थांबा. आज अक्षरं जास्त हायेत.”

“असू द्या हो, तेच असतं.”

“तेच नाही. मी रोज पाहून राहिलो. आज खाली लिहिलं हाय, आर, ई, एम, ओ, व्ही...”

“काका, दाबा!”

“रिमूव्ह म्हंजे काढून टाकनं ना? काय काढते ते सांगा, मंग दाबतो.”

मी त्यांच्याकडून एकेक अक्षर वाचून घेतलं. कार्ड म्हणत होतं, डिस्का सापडत नाहीत. पुढे गेलात तर त्यांची मांडणी काढून टाकीन. म्हणजे आतली सगळी नोंद हातची गेली असती.

“हात लावू नका. मी येतो.”

“मी कुठं लावून राहिलो? तुम्हीच तं सांगत होते.”

मोटारसायकल हाणत पोचलो. आत एक वायर सैल झाली होती. ती घट्ट बसवली आणि हंगामाची सगळी नोंद जशीच्या तशी परत आली. माझ्याकडची शेवटची प्रत बऱ्याच दिवसांपूर्वीची होती, हे मी तिथे कोणालाही सांगितलं नाही. काकांना मात्र सांगितलं, रविवारच्या बेतासकट. ते एवढंच म्हणाले, “बरं झालं, गुरुवार आधी आला.”

ते सेटिंग मी केलं नाही. संस्थेच्या मागे लागून बॅटरी बदलून घेतली. आता कार्ड उगाच अडत नसे.

“म्हंजे आता मले फोन नाही?” काकांनी विचारलं.

“खरंच काही बिघडलं तरच.”

“मंग नाही आला तरच बरं,” ते म्हणाले, पण चावी काही परत केली नाही.

फोन करायचं कारणच उरलं नाही, आणि मी बिनकारणाचा फोन करणारा माणूस नव्हतो. वर्षभरानं कामासाठी गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितलं, काका दिवाळीनंतर गेले. मी रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेलो. काकूंनी मला कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगितलं, तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“भंडाऱ्याचा पोरगा म्हनत ते तुम्हीच का?”

मी मान हलवली.

“लय बोलत तुमच्याबद्दल. म्हनत, पोरगा चांगला हाय, थोडी घाई करते, पन शिकून राहिला.” आणि आत वळता वळता म्हणाल्या, “बसा. जेवल्याशिवाय जाऊ नका.”

मी बसलो.